बेटावरचं राज्य : जंजिरा संस्थानाच्या राजकारणाचा आणि कारभाराचा आढावा

ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात एक लढाई झाली आणि दख्खनचं राजकारण बदलून गेलं. दिल्ली दरबाराने हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान याला निजाम-उल-मुल्काच्या जागी नेमलं होतं. निजामाने त्याला साखरखेर्ड्यापाशी गाठलं. मराठ्यांची मदत निजामाच्या बाजूने होती. मुबारिज खान लढाईत मारला गेला, दिल्लीला निजामाचं वर्चस्व मुकाट्याने मान्य करावं लागलं आणि विजयाची खूण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. पुढे सव्वादोनशे वर्षं चाललेल्या हैदराबाद राज्याची पायाभरणी अशी एका दिवसात, एका शिवारात झाली.

त्याच दख्खनच्या पश्चिम कडेला एक राज्य असं होतं, की ज्याचा निकाल कुठल्याच मैदानात लागला नाही. मुरुडजवळ, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यावरून सहज दिसणाऱ्या खडकाळ बेटावर जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पहिला बाजीराव, चिमाजी अप्पा, आंग्रे अशा सगळ्यांनी तिथल्या आफ्रिकी वंशाच्या राज्यकर्त्या सिद्दींशी झुंज घेतली, पण हा किल्ला कुणालाच घेता आला नाही. सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. सव्वातीनशे चौरस मैलांचा मुलूख आणि १९०१ च्या शिरगणतीत पंच्याऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, एवढ्या चिमुकल्या राज्याने मोगल, आदिलशाही, मराठेशाही आणि कंपनी सरकार या चौघांचा अस्त पाहिला.

हे कसं साधलं? राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसणाऱ्या पर्यटकाला जे उत्तर मिळतं ते तटाचं आणि तोफांचं असतं. एकोणीस बुरूज, कलाल बांगडी नावाची अजस्र तोफ, भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव आणि अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा. यातलं काहीच खोटं नाही. पण दगडी तट महाराष्ट्रात थोडे नव्हते. देवगिरी अभेद्य होता, तो पडला. रायगडाइतका अवघड गड दुसरा नाही, तोही १६८९ मध्ये झुल्फिकार खानाच्या हाती गेला. आपल्याकडचे बहुतेक मातबर किल्ले सुरुंगापेक्षा फितुरीने, उपासमारीने आणि वारसांच्या भांडणाने गेले. या तिन्ही गोष्टी जंजिऱ्याच्याही वाट्याला आल्या. तरी तो टिकला, कारण त्याची राज्यपद्धती वेगळी होती. तटाबुरुजांच्या वर्णनात ही पद्धत हरवून जाते आणि खरा अभ्यासाचा विषय तर तीच आहे.

सुरुवात कोळ्यांपासून करायला हवी. बेटावर पहिली तटबंदी बांधली ती राम पाटील या कोळी प्रमुखाने. मोठे लाकडी ओंडके रोवून केलेला तो मेढेकोट होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा सरदार पिरम खान व्यापारी बनून आला, दारूची पिंपं उतरवण्याच्या निमित्ताने आत शिरला आणि कोट घेतला, अशी परंपरागत कथा आहे. सोळाव्या शतकात तिथे दगडी किल्ला उभा राहिला. सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत हबशी अधिकाऱ्यांची तिथे नेमणूक होऊ लागली. तो काळ मलिक अंबरचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा होऊ शकत होता, त्या काळाने आणि त्या वातावरणाने जंजिऱ्याचे सिद्दी घडवले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, तेव्हा ते विजापूरच्या आदिलशाहीकडे आले.

या पार्श्वभूमीतच त्यांच्या राज्यपद्धतीचं बीज आहे. गुलामगिरीतून वर आलेल्या लष्करी जमातीत जन्माचा मान कमी आणि कर्तबगारीचा जास्त. बापाचं पद मुलाला मिळेलच असा नियम नव्हता. ठाणेदार मेला की आरमाराचा किंवा फौजेचा जो सर्वांत जबाबदार सरदार असेल तो त्याच्या जागी येई, आणि त्याला बाकीच्या सरदारांची मान्यता लागे. बाहेरून विजापूरची किंवा दिल्लीची सनद येई. पण गादीवर कोण बसणार हे बेटावरचे सरदार ठरवत.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी परीक्षा १६७० च्या सुमारास झाली. शिवाजी महाराजांच्या वेढ्याने जेरीस आलेला जंजिऱ्याचा तेव्हाचा प्रमुख फत्तेखान किल्ला स्वाधीन करायला तयार झाला होता. एखाद्या डोंगरी किल्ल्यावर हे घडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. जंजिऱ्यावर सिद्दी संबूळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत या तिघांनी फत्तेखानालाच कैद केलं, औरंगजेबाकडे अर्ज पाठवला आणि मोगलांची चाकरी पत्करली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सत्ता वाटून घेतली. आरमार संबूळकडे, बेट कासमकडे, समोरच्या दंडाराजपुरीचा कारभार खैरियतकडे. पुढे कासम आरमाराचा प्रमुख झाला, तेव्हा जंजिरा खैरियतकडे आला. एकच माणूस फोडून राज्य घेण्याची सोयच उरली नाही. १६७१ च्या होळीच्या रात्री मराठी ठाणं सणात गुंतलेलं असताना कासमने छापा घालून दंडाराजपुरी परत जिंकली.

शिवाजी महाराजांना या राज्याचं मर्म अचूक कळलं होतं. नुसता तट फोडून भागणार नाही, समुद्रावरची त्याची हालचाल बंद करायला हवी, म्हणून त्यांनी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. त्या बांधकामाला रसद पोहोचवण्यात कुचराई झाली म्हणून १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. राज्याच्या कामात जातीचा मुलाहिजा चालणार नाही, इतकं कडक ते पत्र आहे. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा बांध घालायला सुरुवात केली. मोगल फौज कोकणात उतरली आणि काम अर्धवट सोडावं लागलं. जंजिऱ्याशी लढताना मराठ्यांना प्रत्येक वेळी पाठीमागच्या दुसऱ्या शत्रूशीही लढावं लागलं.

हा योगायोग नव्हता. दूरचा, बलाढ्य आणि समुद्रावर दुबळा असा धनी शोधणं, हा सिद्दींच्या परराष्ट्रनीतीचा कणा होता. अहमदनगर, विजापूर आणि दिल्ली या तिन्ही सत्तांकडे पैसा होता, आरमार नव्हतं. सुरतेहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांचं आणि व्यापारी गलबतांचं रक्षण करायला मोगलांना कुणीतरी हवं होतं. सिद्दींनी ते काम घेतलं, त्याबद्दल यकूत खान हा किताब आणि सुरतेच्या महसुलातून दरसालची नेमणूक मिळवली. आरमाराचा मोठा खर्च त्यांच्या प्रजेवर पडण्याऐवजी मोगल खजिन्यावर पडू लागला. शे-दीडशे गावांच्या महसुलावर एवढं आरमार पोसलंच गेलं नसतं.

मुंबईच्या इंग्रजांना या व्यवस्थेचा तडाखा चांगलाच बसला. सिद्दींचं आरमार पावसाळ्यात माझगावच्या बंदरात मुक्काम करू पाही. इंग्रजांना शिवाजी महाराजांना दुखवायचं नव्हतं आणि मोगलांनाही. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला, तेव्हा सिद्दीने शेजारची उंदेरी धरून ठेवली आणि मुंबईच्या तोंडाशी दोन बेटांवरून दोन सत्ता एकमेकींवर तोफा डागू लागल्या. दहा वर्षांनी मुंबईतला कंपनीचा प्रमुख सर जॉन चाईल्ड याने मोगलांशी भांडण उकरून काढलं. त्यावर सिद्दी यकूत खानाने शिवडीला फौज उतरवली, माझगाव आणि माहीम घेतलं आणि इंग्रजांना मुंबईच्या कोटात कोंडलं. कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दंड भरला, त्यानंतर जून १६९० मध्ये तो परत फिरला. मुंबई शहराच्या इतिहासात या वर्षाला फारच थोडी जागा मिळते.

आता या राज्याची दुसरी बाजू. बेटावर सरदारांची निवडणूक होती, पण किनाऱ्यावरच्या मुलखाला त्यात स्थान नव्हतं. राज्याचं पोट भरत होतं ते मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन भागातल्या भातशेतीवर, नारळ-सुपारीच्या वाड्यांवर, जंगलावर, मासळीवर आणि बंदरांच्या जकातीवर. कष्ट करणारे कुणबी, आगरी, कोळी, कोकणी मुसलमान. हिशेब ठेवणारे प्रभू आणि ब्राह्मण. तेल गाळणारे बेने इस्रायल. राज्य करणारी सिद्दी घराणी मात्र शेवटी शेवटी काहीशे माणसांपुरती उरली. किनाऱ्यावरच्या गावांतून माणसं धरून नेणं हा सिद्दींच्या युद्धाचाच भाग होता. अठराव्या शतकात त्यांच्याच आरमारात मोठा झालेला शेख याकूब हा मूळचा गुहागरकडच्या कोळी पाटलांचा मुलगा, लहानपणी पकडून नेलेला.

याचे परिणाम सिद्दींना फार महागात पडले. बखरींच्या परंपरेनुसार आवजी हरी चित्रे हे जंजिऱ्याच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. सिद्दीने त्यांना ठार केलं आणि बायकामुलांना विकायला पाठवलं. त्यातला मुलगा बाळाजी आवजी शिवाजी महाराजांना राजापुरात मिळाला आणि स्वराज्याचा चिटणीस झाला. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. आंग्र्यांना सामील असल्याचा संशय सिद्दीला आला आणि त्या घराण्यातल्या बाळाजी विश्वनाथांना गाव सोडून घाटावर यावं लागलं. १७१३ मध्ये ते पेशवे झाले आणि वीस वर्षांनी त्यांचाच मुलगा बाजीराव फौज घेऊन सिद्दीच्या मुलखात उतरला. मराठी राज्याची लेखणी आणि पुढे मराठी राज्याची सूत्रं ज्यांच्या हाती गेली, ती दोन्ही माणसं सिद्दीच्या मुलखातून परागंदा झालेली होती. बेटावरच्या सरदाराला मान द्यायला शिकलेल्या राज्याने किनाऱ्यावरच्या कारकुनाला आणि देशमुखाला मान दिला नाही, ही त्याची सर्वांत मोठी राजकीय चूक म्हणावी लागेल.

बाजीरावाची १७३३ ची मोहीम सिद्दींच्या वारसाहक्काच्या तंट्यातून निघाली. सिद्दी रसूल मरण पावल्यावर सरदारांत फूट पडली. शेख याकूबला मराठ्यांनी वळवलं आणि अब्दुल रहमान या वारसाला छत्रपती शाहूंनी पाठिंबा दिला. तहात सिद्दीच्या अकरा महालांचा वसूल निम्मानिम्मा करायचं ठरलं, रायगड पुन्हा मराठ्यांकडे आला. पण बेटावरच्या सरदारांनी मराठ्यांच्या नवाबाला लगेच आत घेतलं नाही. बाहेरच्याने नेमलेला माणूस नको, हा त्यांचा जुना हट्ट त्यांनी इथेही चालवला. परशुरामाचं देवस्थान लुटून पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांचा रोष ओढवून घेतलेला सिद्दी सात हा सरदार एप्रिल १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी लढताना पडला आणि सिद्दींचं जमिनीवरचं बळ मोडलं. बेट मात्र शाबूत राहिलं.

अशीच गोष्ट पुन्हा १७९१ मध्ये घडली. गादीचा दावेदार बाळू मिया याला जंजिऱ्याच्या सरदारांनी जवळ केलं नाही. तो पुण्याला गेला, जंजिऱ्यावरचा हक्क त्याने पेशव्यांच्या नावे करून दिला आणि त्याबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. त्यातून सचिन हे नवं संस्थान जन्माला आलं. पेशव्यांकडे जंजिऱ्याचा कागद आला, जंजिरा आला नाही. दरम्यान काठेवाडच्या किनाऱ्यावरचं जाफराबाद अठराव्या शतकाच्या मध्याला सिद्दींकडे आलेलं होतं. ते संस्थानाच्या अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिलं.

जगाच्या इतिहासात या राज्यपद्धतीला अगदी जवळचं उदाहरण माल्टाचं. तिथे १५३० पासून १७९८ पर्यंत सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. तेही बाहेरून आलेले, तेही आपला प्रमुख आपसांत निवडत, तेही आरमारावर जगत, आणि माल्टाच्या मूळ रहिवाशांना त्या निवडीत जागा नव्हती. १५६५ मध्ये तुर्कांच्या प्रचंड वेढ्यातून ते वाचले आणि १७९८ मध्ये नेपोलियनसमोर काही दिवसांत कोसळले. जंजिऱ्याचे सिद्दी त्यांच्यापेक्षा दीडशे वर्षं जास्त टिकले, पण शेवटची पाऊणशे वर्षं ती जुनी राज्यपद्धत जिवंत नव्हती.

ती मोडली इंग्रजांनी, आणि एकही तोफ न उडवता. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला आणि मोगल आरमाराचा अधिकार कंपनीने घेतला, तेव्हाच सिद्दींची कमाईची मूळ वाट बंद झाली. १८१८ नंतर पेशव्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांनी जंजिऱ्याकडून खंडणी कधी घेतली नाही, पण १८३४ मध्ये खोट्या नाण्यांचं कारण काढून टांकसाळ बंद केली. १८६९ च्या सुमारास फौजदारी अधिकार काढून घेऊन मुरुडला राजकीय अधिकारी बसवला. त्याच्या मागोमाग सरदारांनी नवाब इब्राहीम खानाला पदच्युत केलं. दोनशे वर्षांपूर्वी फत्तेखानाला त्यांनी असंच दूर केलं होतं आणि राज्य वाचवलं होतं. या वेळी इंग्रजांनी नवाबाला नवा करार करून पुन्हा गादीवर बसवलं. सरदारांनी नवाब निवडायचा आणि सरदारांनीच काढायचा, हा अधिकार तिथे संपला. पुढे सनद मिळाली ती मुसलमानी कायद्याप्रमाणे वारसा चालण्याची. गादी अशी कायमची घराण्याची झाली आणि कुलाब्याचा कलेक्टर संस्थानाचा पोलिटिकल एजंट म्हणून वर बसला.

या नव्या चौकटीतला सर्वांत मोठा काळ नवाब सर सिद्दी अहमद खान यांचा, १८७९ ते १९२२. मुरुडचा अहमदगंज राजवाडा, पाणीपुरवठा आणि हायस्कूल ही त्यांच्या काळाची ठळक आठवण. १८९० च्या दशकात बेने इस्रायल समाजातले शालोम बापूजी इस्रायल यांनी संस्थानाचे कारभारी म्हणून काम पाहिलं. नवाबांची पत्नी नाझली बेगम ही मुंबईच्या सुशिक्षित फैजी कुटुंबातली. तिने युरोपचा प्रवास केला, त्याचं उर्दूत वर्णन लिहिलं, आणि तिची बहीण अतिया फैजी व उर्दू पंडित शिबली नोमानी यांच्यामुळे जंजिऱ्याचं नाव उर्दू साहित्याच्या इतिहासात गेलं. अहमद खानांच्या मृत्यूनंतर मुलगा मुहम्मद खान लहान असल्याने राजमाता कुलसुम बेगम यांनी १९३३ पर्यंत राज्यकारभार पाहिला. समुद्री सरदारांच्या या राज्यात अकरा वर्षं एका बाईच्या हाती सूत्रं होती, ही गोष्ट किल्ल्यावर कुणी सांगत नाही. ती आवर्जून सांगितली पाहिजे.

शाळा, नळ, दवाखाने आले, पण रयतेला राज्यात आवाज मिळाला नाही. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी जंजिऱ्याची प्रजा नवाबाचीच राहिली. जानेवारी १९४८ मध्ये महाडकडचे स्वातंत्र्यसैनिक नानासाहेब पुरोहित आणि त्यांचे सहकारी म्हसळ्यात शिरले. तेविशीच्या उंबरठ्यावरचे मोहन धारिया लोकसेनेच्या तरुणांसह त्यात आघाडीवर होते. म्हसळा आणि श्रीवर्धन लोकांच्या ताब्यात आलं, हंगामी सरकार स्थापन झालं आणि नवाबाने विलीनीकरण मान्य केलं. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तीन शतकं समुद्राकडून आणि डोंगराकडून आलेल्या फौजांना न जुमानणारं राज्य स्वतःच्याच महालांतल्या माणसांपुढे काही दिवसांत नमलं.

हा शेवट किती सौम्य होता, हे झांझिबारशी ताडून पाहिलं म्हणजे कळतं. तिथेही बेटावर बाहेरून आलेल्या घराण्याचं राज्य होतं आणि बहुसंख्य प्रजा वेगळी होती. डिसेंबर १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली, सुलतान पळाला आणि हजारो माणसांची कत्तल झाली. मुरुड-म्हसळ्यात तसं घडलं नाही. सिद्दी मुहम्मद खान १९७२ पर्यंत जगले. याचं श्रेय लोकसेनेच्या संयमाला द्यायला हवं, आणि नवाबाने वेळीच घेतलेल्या निर्णयालाही.

एवढा आढावा घेतल्यावर मत द्यायचं तर असं द्यावं लागेल. जंजिऱ्याच्या बेटावर सत्ता सरदारांच्या संमतीने चालत होती, म्हणून ते फितुरीतून आणि वारसांच्या भांडणातून तरलं. ती संमती तटाबाहेरच्या रयतेपर्यंत कधी पोहोचली नाही, म्हणून त्याचे चांगले लोक शत्रूकडे गेले आणि शेवटच्या घटकेला किनाऱ्यावर त्याच्यासाठी लढायला कुणी उभं राहिलं नाही. शिवाजी महाराजांचा मोठेपणा अधोरेखित करण्यासाठी सिद्दीला नुसता क्रूर खलनायक ठरवणं जितकं अपुरं, तितकंच ‘अजिंक्य जंजिरा’ म्हणून त्याचे गोडवे गाणंही अपुरं.

आज त्या संस्थानाचे महाल म्हणजे रायगड जिल्ह्यातले मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तीन तालुके आहेत, आणि जाफराबाद गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे. किल्ल्याला दरवर्षी लोकांची रीघ लागते. जवळच्या खोकरीला सिद्दी सरदारांच्या देखण्या कबरी आहेत, तिकडे फार थोडे वळतात. या तीन तालुक्यांतल्या जुन्या घरांच्या पेट्यांमध्ये संस्थानी सनदा, मोडीतले वसुलाचे कागद, १९४८ च्या लढ्यातल्या माणसांची पत्रं आणि फोटो अजून पडून असतील. दमट हवा आणि वाळवी त्यांना फार दिवस टिकू देणार नाही. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते फेकू नयेत, मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवावेत आणि त्यांची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा पुराभिलेखागारात द्यावी.